मदत हवी आहे: बायकोची पहिली काउबॉय शूटिंग मॅच (आणि नऊवारीचा प्रश्न)

पूनापीट

नमस्कार मंडळी,

आम्ही फिनिक्सला राहतो. गेली दोन वर्षं महिन्यातला एक रविवार मी काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंगला जातो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १८७०-८०च्या काळातल्या धाटणीच्या चार बंदुका लागतात: दोन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हरची रायफल आणि एक शॉटगन. अंगावर त्याच काळाचे कपडे हवेत. प्रत्येकाचं एक टोपणनाव असतं, ते संस्थेकडे नोंदवावं लागतं आणि दुसऱ्या कुणाचं तेच असून चालत नाही. समोर लोखंडी पाट्या लावलेल्या असतात, त्या ठरवून दिलेल्या क्रमाने घड्याळ लावून पाडायच्या किंवा वाजवायच्या. अशा एका फेरीला स्टेज म्हणतात. जेवढे सेकंद लागले तेवढे गुण, त्यात प्रत्येक हुकलेल्या गोळीचे ५ सेकंद वाढतात आणि क्रम चुकला तर १०. कमी गुण तो पुढे. कॅलिफोर्नियात ८०च्या दशकाच्या सुरुवातीला काही मित्रांनी हौसेने सुरू केलं, १९८७ला सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी झाली. माझं नाव वर दिसतंच आहे.

आता बायको म्हणते, मलाही यायचंय. फेब्रुवारीत बेन एव्हरी रेंजवर "विंटर रेंज" नावाची या खेळाची मोठी स्पर्धा बघायला घेऊन गेलो होतो, तिथे सत्तरीच्या आज्या धडाधड रायफल चालवताना बघून तिच्या डोक्यात शिरलं. ती कोल्हापूरची. कॉलेजात एनसीसीला होती, पॉइंट टू-टू चालवलेली आहे, त्यामुळे बंदुकीची भीती अजिबात नाही.

घोळ मी घातला. मागच्या शनिवारी तिला सरावाला नेलं आणि शिकवायला गेलो. रिव्हॉल्व्हर ठीक झाली. तिचा घोडा (चाप ओढला की आपटणारी मागची कळ) दर वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागतो, त्यामुळे माझं "अंगठा, अंगठा, अगं अंगठा!" चालूच होतं. मग माझी १२ गेजची (म्हणजे जाड नळीची) दुनळी शॉटगन दिली आणि काडतुसं होती घरातली जुनी, जड. दस्ता तिला लांब पडत होता, खांद्यात नीट बसलाच नव्हता. एकच बार काढला. दुनळी माझ्या हातात दिली, गाडीत जाऊन बसली. घरी येईपर्यंत एक शब्द नाही. दंडाला निळा डाग पडलाय, तो मला रोज दाखवला जातो.

तर प्रश्न:
१. पुढच्या रविवारी तिची पहिली मॅच आहे. मी काय करावं, काय करू नये?
२. उंची पाच फूट. शॉटगनचं काय करायचं?
३. तिला नऊवारी नेसून यायचंय. चेष्टा नाही, ठाम आहे.

खडीसाखर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: गप्प बसावं. बाकीचे वाचलेच नाहीत.

वाळवंटीवारा

नऊ वर्षं खेळतेय, आधी न्यू मेक्सिकोत, आता टक्सनजवळ. मलाही नवऱ्यानेच शिकवायला घेतलं होतं, त्यामुळे तुमच्या गाडीतली ती शांतता मला ऐकू आली. पुण्यात नवऱ्याकडून स्कूटर शिकलेल्या बायकांना विचारा, हेच सांगतील.

तुम्ही तिला शिकवू नका. कारण ती रुसेल हे नाही, कारण असं की तुम्ही बोललात की ती मान वळवून तुमच्याकडे बघणार. मान वळली की खांदा वळतो, खांद्यामागे नळी वळते. नळी कायम पाट्यांच्या दिशेला, समोरच्या १७० अंशांत हवी; त्याबाहेर गेली की ती स्टेज गेली. हे मी स्वतः केलंय.

क्लबच्या मॅच डिरेक्टरला आधी फोन करून सांगा की नवीन बाई येतेय. कुणीतरी अनुभवी बाई तिच्याबरोबर दिवसभर देतील, ती लोडिंग टेबलापासून (जिथे गोळ्या भरतात) अनलोडिंग टेबलापर्यंत (जिथे बंदुका रिकाम्या करतात) सोबत राहील. टायमर धरणाऱ्याला नेमबाजाला मदत करायची मुभा असते, "आता रायफल, डावीकडून" असं तो हळू आवाजात सांगतो. मागे उभ्या असलेल्या नवऱ्यांना ती मुभा नसते. तुम्ही पाट्या उभ्या करा, रिकामी काडतुसं गोळा करा.

लोडिंग टेबलावरचा मंत्र तिला घरी पाठ करून घेऊ द्या: एक भर, एक सोड, चार भर, घोडा पूर्ण ओढ, सोड. सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच गोळ्या आणि घोडा रिकाम्या घरावर. जुन्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याची चोच थेट काडतुसाला टेकायची, रिव्हॉल्व्हर आपटली की बार उडायचा, म्हणून ही पद्धत. आता तुमच्याकडे रुगर कंपनीची नवी सुरक्षित रिव्हॉल्व्हर असली तरी नियम तोच. घरी नकली काडतुसं वापरा आणि खरी त्या खोलीतसुद्धा ठेवू नका.

शॉटगनबद्दल: पहिल्या मॅचला नकोच म्हणा हवं तर. नवीन माणसाने रायफल आणि एकच रिव्हॉल्व्हर चालवली तरी कुणी हसत नाही, हुकल्याचे सेकंद धरतात आणि पुढे जातात. चालवायचीच असेल तर २० गेजची (आकडा मोठा तशी नळी बारीक) आखूड दस्त्याची दुनळी उसनी मागा. या खेळातले लोक स्वतःची बंदूक, वर गोळ्याही हातात देतात, हे तुम्हाला माहीतच असेल. १२ गेजच असेल तर कमी धक्क्याची हलकी काडतुसं आणा. दंडावर डाग म्हणजे दस्ता खांद्याच्या खोबणीत नव्हता, बाहेर दंडावर होता. डावा पाय पुढे, कमरेतून पुढे झुकून, गाल लाकडाला. मागे रेललं की बंदूक लाथ मारणारच. आणि उंचीचं म्हणाल तर त्या काळातली प्रसिद्ध नेमबाज अ‍ॅनी ओकलीही पाच फुटांचीच होती.

अजून एक. बार फुसका वाजला, "ठो" ऐवजी "फुस्स" झालं, तर पुढचा चाप ओढायचा नाही. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. हे सगळ्यांत आधी शिकवायला हवं आणि सगळ्यांत शेवटी शिकवलं जातं.

भाऊसाहेब_फ्रिस्को

धागाकर्त्यांचं व्हिसाचं काय ते त्यांनी सांगितलेलं नाही, म्हणून वाचणाऱ्यांसाठी लिहितो. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या संघराज्य कायद्याच्या कलम ९२२प्रमाणे बंदूक किंवा गोळ्या बाळगायला मनाई आहे. काही अपवाद आहेत, त्यातला आपल्या लोकांच्या उपयोगाचा म्हणजे राज्य सरकारचा चालू शिकारीचा परवाना. "मित्राची घेतली, पाच मिनिटंच हातात होती" हे स्वतःशी ठरवू नका. वकिलाला विचारा. हौसेपायी ग्रीन कार्ड अडकवून घेऊ नये.

पूनापीट

भाऊसाहेब, धन्यवाद. आम्हा दोघांचं ग्रीन कार्ड झालंय, तिचं मागच्या वर्षी. तोपर्यंत तिला बंदुकीला हात लावू दिला नव्हता, तोही एक राग आहेच.

वाळवंटीवारा, प्रतिसाद तिला वाचून दाखवला. "नऊ वर्षांत पहिलं शहाणं माणूस" म्हणाली. आमच्या लग्नालाही नऊच वर्षं झालीत.

नऊवारीबद्दल कुणी बोलेल का? तिचा युक्तिवाद लिहून देतो. आनंदीबाई जोशी जून १८८३मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्याच वर्षी बफेलो बिलचा "वाइल्ड वेस्ट" हा काउबॉयांचा फिरता खेळ सुरू झाला. आनंदीबाई १८८६ला फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या आणि त्यांची नेमणूक झाली ती कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात. म्हणजे काळ बरोबर, देश बरोबर, वर गाव माझं, असं ती म्हणते. मला यावर उत्तर सुचलेलं नाही.

शेवंतीची_वेणी

उत्तर नाहीच आहे यावर. वहिनींना माझा साष्टांग.

रा_रा_रेडवुड

अवांतर होईल, पण आनंदीबाई घोड्यावरून रायफल चालवत नव्हत्या. नियमात "एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध किंवा वेस्टर्न सिनेमा" असं असतं, त्यात पेशव्यांचा सरंजाम कसा बसतो?

शेवंतीची_वेणी

रा. रा., १८८५चा फोटो आहे. फिलाडेल्फियात काढलेला. तीन विद्यार्थिनी, एक जपानची, एक सीरियाची आणि आपल्या आनंदीबाई. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. पेशवाई बुडून तोवर ६७ वर्षं झाली होती.

वाळवंटीवारा

भांडू नका. मॅच डिरेक्टरला तो फोटो पाठवा, निर्णय त्यांचा. काळाशी जुळणारं असेल तर बहुतेक क्लब खूश होतात. मला काळजी आहे ती वेगळी.

कासोटा उत्तम. घागऱ्यापेक्षा शंभर पटींनी बरा, पायात येत नाही, वाकता येतं. पदर मात्र पूर्ण कमरेला खोचून, पिना लावून, त्यावरून पट्टा. पदराचं टोक रिव्हॉल्व्हरच्या म्यानात गेलं तर अडकेल, हे मी नंतर नाही, आत्ताच सांगते. साडी सुती हवी, सिंथेटिक गरम नळीला चिकटते.

आणि ब्लाउज बंद गळ्याचा! १८७३च्या धाटणीची रायफल रिकामं काडतूस सरळ वर उडवते. ते खाली येताना टोपीच्या काठावर पडलं तर ठीक, गळ्यातून आत गेलं तर चटका. अशा वेळी हात आपोआप छातीकडे जातो आणि दुसऱ्या हातातली बंदूक कुठेतरी फिरते. चटका सोसायचा, बंदूक समोर धरायची, टेबलावर ठेवायची, मग काय नाचायचं ते नाचा.

कोल्हापुरी चपला नकोत. गरम पितळ, काटे, खडी. बूटच.

घरी निघण्याआधी गार पाण्याने साबण लावून हात-तोंड धुवा, इथे सगळ्या गोळ्या शिशाच्या असतात. रेंजवर हात न धुता डबा उघडायचा नाही. लहान मूल असेल तर कपडे बदलल्याशिवाय उचलायचं नाही.

खडीसाखर

टोपणनाव काय ठरलं? मी "तांबडा रस्सा" सुचवतो.

पूनापीट

"रंकाळा रोझ" असं नोंदवायला पाठवलंय. अजून कुणी घेतलेलं नसावं अशी आशा.

पूनापीट (आठ दिवसांनी)

मी ती बायको. यांच्याच आयडीवरून लिहितेय.

मॅच डिरेक्टर सत्तरीचे गृहस्थ आहेत. फोटो बराच वेळ बघितला, मग फक्त एवढंच विचारलं, "पट्टा कशावर बांधणार?" पट्टा बांधून दाखवला. मग म्हणाले, खाली बसून उठा. उठले. तीन पावलं पळा. पळाले. म्हणाले, ठीक आहे. इरकलीच नेसले होते, आईची, गडद हिरवी.

मला डोलोरेस नावाच्या बाई दिल्या होत्या. नाव बदललंय. त्या दिवसभरात मला एकूण वीसेक वाक्यं बोलल्या असतील, त्यातली अर्धी "श्वास घे" अशी. लोडिंग टेबलावर मी "एक भर, एक सोड, चार भर" मराठीत म्हणत होते. तिसऱ्या स्टेजपर्यंत त्याही माझ्याबरोबर "एक भर" म्हणायला लागल्या.

प्रत्येक स्टेजला सुरू करायच्या आधी एक वाक्य म्हणायचं असतं. दुसऱ्या स्टेजला म्हणाले, तुझ्या मनाचं म्हण. मी म्हटलं, "नादखुळा!" टायमरवाल्याला ऐकू आलं "नॉट कूल". टायमर खाली करून विचारतो, काय झालं, काय आवडलं नाही?

पहिली स्टेज ११८ सेकंद आणि सहा हुकल्या. पाचवी ७१ सेकंद, एकही हुकली नाही. चौथीला क्रम चुकले, दहा सेकंद वाढले. शॉटगनचं एक काडतूस हातातून पडलं, वाकून उचलणार तेवढ्यात आठवलं की पडलेलं सोडायचं, पट्ट्यातलं दुसरं घ्यायचं. गळ्यातून आत काही गेलं नाही. टोपीच्या काठात तीन सापडली.

२० गेजची दुनळी डोलोरेसबाईंच्या नातीची होती. हलकी, आखूड, खांद्याला गाल लावल्यासारखी बसते. दंडावर नवा डाग नाही. जुना अजून आहे, आणि मी दाखवत राहणार आहे.

हे दिवसभर पाट्या उभ्या करत होते. पाचव्या स्टेजनंतर जवळ आले, तोंड उघडलं, परत मिटलं, आणि पाण्याची बाटली दिली.

आता माझा प्रश्न. स्वतःची २० गेज घ्यायची आहे. मोठ्यांची घेऊन दस्ता कापून घ्यावा की मुलांसाठी असते तशी आखूडच शोधावी? कापल्यावर मागे रबराची गादी लावता येते का, आणि ती या खेळाच्या नियमात चालते का? वाळवंटीवारा ताई, तुम्ही सांगा. पूनापीट यांनी उत्तर देऊ नये.