दाढीच्या ब्रशची लाकडी मूठ पाण्यात कशी टिकवावी?

प्रश्न: घरच्या लेथवर शिसवाची मूठ कातून तिच्यात २४ मिमी व्यासाचा केसांचा गुच्छ बसवायचा आहे. रोजच्या पाण्याने लाकूड फुगू नये म्हणून सावंतवाडीच्या खेळण्यांसारखी लाख चढवली तर चालेल का?

उत्तर १: लाखेची झळाळी मलाही फार प्रिय आहे, परंतु गरम पाण्याने ती मऊ व पांढरट होत असल्याने इथे वापरू नये. पूर्ण वाळलेल्या लाकडावर पॉलियुरेथेनचे (पाणी रोखणाऱ्या वॉर्निशचे) पातळ हात द्यावेत आणि गुच्छ बसवायच्या भोकाच्या आतल्या भिंतीलाही एक हात द्यावा, कारण पाणी बहुधा तिथूनच शिरते.

उत्तर २: भोक किंचित सैल ठेवावे, म्हणजे इपॉक्सीला (गुच्छ चिकटवायच्या गोंदाला) जागा मिळते. त्याआधी गुच्छ कोरडाच बसवून पाहावा. खोल बसवल्यास ब्रश ताठ होतो, उंच ठेवल्यास मऊ.

प्रश्नकर्ता: आभारी आहे, पॉलियुरेथेनच वापरतो.