मदत हवी आहे: आधी किलवरची फिनेस की चौकट?

मंडळी, इथे नाशिकला आमच्या ब्रिजच्या टेबलावर या डावावरून वाद मिटेना. करार तीन नो ट्रम्प (म्हणजे हुकमाशिवाय नऊ हात करायचे), खेळणारा मी. फिनेस म्हणजे राजा डावीकडे असेल या आशेवर डमीतली राणी लावणं.

डमी (समोरच्या भिडूचे उघडे पत्ते): इस्पिक राजा-७-४, बदाम ७-३, चौकट एक्का-राजा-राणी-४, किलवर एक्का-राणी-६-४.
मी: इस्पिक एक्का-राणी-२, बदाम एक्का-६-२, चौकट ५-३-२, किलवर ८-७-५-३.

डावीकडून बदामच्या पंजीची उतारी. दोन हात सोडले, तिसऱ्याला एक्का मारला. पक्के हात आठच, एक हवा.

भिडू म्हणतो, आधी चौकट वाजव; विरोधकांच्या सहा चौकटींची ३-३ वाटणी ३६ टक्के, तशी निघाली तर डमीची चौथी चौकट नववा हात. पण वाटणी ४-२ निघाली तर त्यांचीच चौथी चौकट मोकळी होते ना? फिनेस हरली तरी राजा उजवीकडे, आणि बदाम डावीकडे पाच, उजवीकडे तीन असतील तर त्याच्याकडे बदाम संपलेत. शिवाय आत्ता खेळी माझ्याच हातातून आहे, म्हणजे किलवर राणीकडे खेळता येते. म्हणून मला आधी किलवर पटतं. जाणकारांनो, तुम्ही काय खेळाल?