प्रसूतीकळांवर उपाय: गॅस, पेथिडीन की एपिड्युरल?

प्रश्न
मला ३४ वा आठवडा सुरू असून हे माझे पहिलेच बाळंतपण आहे. कळांचा त्रास कमी करण्यासाठी गॅस, पेथिडीनचे इंजेक्शन आणि एपिड्युरल असे तीन मार्ग मला सांगण्यात आले आहेत. एपिड्युरल घेतले की सिझेरियनच होते आणि कंबर कायमची धरते, असेही कानावर येते. यात तथ्य किती आहे आणि तिन्हींत नेमका फरक काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे माझा कल एपिड्युरलकडे असणार हे धरूनच पुढचे वाचावे. एपिड्युरलमध्ये कमरेच्या दोन मणक्यांमधून सुई घालून तिच्यातून एक बारीक नळी आत सरकवतात; मग सुई काढून घेतात, नळी तेवढी राहते आणि तिच्यातून प्रसूती होईपर्यंत औषध देता येते. ते लागू पडायला साधारण २० मिनिटे लागतात. पूर्वी औषध तीव्र असे, पाय लुळे पडत आणि जोर करणे अवघड जाई. आता ब्युपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे ०.१ टक्का किंवा त्याहून सौम्य द्रावण फेंटानिल या वेदनाशामकासोबत वापरतात. एपिड्युरलमुळे सिझेरियनचे किंवा दीर्घकालीन कंबरदुखीचे प्रमाण वाढत नाही, असे २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) दिसले. तोटे मात्र आहेत: रक्तदाब उतरतो, अंगाला खाज सुटते, कधी ताप येतो, लघवीची जाणीव जाते. साधारण १०० पैकी एकीला सुईने मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला छिद्र पडून डोकेदुखी होते. ती बसल्यावर वाढते आणि आडवे झाल्यावर उतरते.

उत्तर २
मी आधी गॅस घेतला. त्यात निम्मा नायट्रस ऑक्साइड आणि निम्मा ऑक्सिजन असतो. कळ ऐन भरात आली की मी मुखवटा तोंडाला लावत असे, आणि गुण येईपर्यंत कळ ओसरलेली असे. शेवटी सुईण माझ्या पोटावर हात ठेवून बसली; पोट कडक होऊ लागल्याचे तिला माझ्याआधी कळे आणि ती "आता ओढा" म्हणे. तेवढ्या अर्ध्या मिनिटाने सारा फरक पडला. मळमळ आणि गरगर पुष्कळ झाली, पण मुखवटा काढताच उतरली. पुढे गर्भाशयाचे तोंड ६ सेंटिमीटर उघडल्यावर मी एपिड्युरल मागून घेतले. उशी कवटाळून, पाठ वाकवून, कळ येत असतानाही न हलता बसणे हाच त्यातला कठीण भाग होता.

उत्तर ३
मी प्रसूतिकक्षात काम करते. पेथिडीनने कळ जात नाही, गुंगी येते. काहींना तेवढ्यानेही विसावा मिळतो. गुण २० मिनिटांत येऊन दोन ते चार तास टिकतो. औषध वारेतून बाळापर्यंत पोहोचते, म्हणून प्रसूती जवळ आलेली असताना ते देणे आम्ही टाळतो. नाहीतर बाळ सुस्त राहते, श्वास संथ घेते आणि अंगावर प्यायला उशीर लावते. कोमट पाण्यात बसण्याचाही चांगला उपयोग होतो, पण पाणी ३७.५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम नसावे आणि पेथिडीन घेतल्यावर लगेच पाण्यात उतरू नये.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. मी रक्त पातळ ठेवण्यासाठी रोज हेपॅरिनचे इंजेक्शन घेते, हे लिहायचे राहिले. याने काही फरक पडतो का?

उत्तर १
फार मोठा फरक पडतो. हे आधी सांगायला हवे होते. रेणुभाराने हलक्या हेपॅरिनची (हेपॅरिनचा एक प्रकार) गुठळी होऊ नये म्हणून दिली जाणारी प्रतिबंधक मात्रा घेतली असेल तर त्यानंतर किमान १२ तास आणि उपचाराची मोठी मात्रा असेल तर किमान २४ तास मणक्यात सुई घालत नाहीत, कारण तिथे रक्त साकळून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. आपले इंजेक्शन कोणते आणि मात्रा किती, हे घेऊन याच आठवड्यात भूलतज्ज्ञांना भेटा. कळा सुरू झाल्याची शंका आली तर पुढचे इंजेक्शन स्वतःहून न टोचता आधी फोन करा. तोवर गॅस हाताशी असेलच.