शाळेत सगळ्यांच्या घरची कला कशी आणावी?

प्रश्न: पिंपरीतल्या आमच्या शाळेत निम्मी मुलं बिहार, कर्नाटक, मराठवाड्यातून आलेल्या कामगारांची. स्नेहसंमेलनात त्यांच्या घरची कला दिसावी असं मनापासून वाटतं. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: मुलांच्या आयांपासून करा, बाई. बिहारात मिथिलेकडच्या बायका तांदळाच्या पिठाने अरिपन, म्हणजे जमिनीवरची रांगोळीसारखी नक्षी, काढतात. आमच्या डहाणूकडे लग्नाचा वारली चौकही (लग्नघरातलं चौकोनी देवचित्र) तांदळाच्या पिठानेच, गेरूने सारवलेल्या भिंतीवर. पीठ एकाच पातेल्यात कालवा, दोन्हीकडच्या बायकांना शेजारी बसवा. ब्रश नको, टोक ठेचलेली बांबूची काडी द्या. रेघ जिवंत येते!

उत्तर २: कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंतही बोलवा. चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, दोन्ही आहे त्यांच्याकडे. मानधन आधी ठरवा. शाल-नारळावर बोळवण करतात, त्याची फार चीड येते.

प्रश्नकर्ती: मानधनाचं पालकसभेत मांडते. बांबू कुठला घेऊ?