अनुभव धागा: जुनी इमारत आणि आपली सोसायटी

मुंबई, ठाणे, पुणे परिसरात 1970 आणि 1980 च्या दशकांत उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली सोसायट्यांचे आता वय झाले आहे. पुनर्विकास सर्वांच्याच वाट्याला लगेच येईल असे नाही, आणि तोवर त्याच जिन्यांवरून आपल्याला ये-जा करायची आहे. आपल्या सोसायटीने जुनी इमारत कशी सांभाळली, पैसे कोठून उभे केले आणि सभासदांना कसे राजी केले, हे कृपया सविस्तर लिहावे.

ठाणे, माजी सचिव

आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांनुसार, 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण (स्ट्रक्चरल ऑडिट) दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर 3 वर्षांनी करून घ्यावे लागते. आमची इमारत 1984 सालची. परीक्षणाला आलेल्या अभियंत्यांनी पार्किंगमधल्या एका खांबावर लहान हातोडीने ठोकायला सुरुवात केली. वरून नुकताच रंगवलेला तो खांब कमरेच्या उंचीला बद्द वाजू लागला. गिलावा काढल्यावर आतली सळई गंजून फुगलेली आणि तिच्याभोवतीचे काँक्रीट उभे चिरलेले दिसले. खांबामागच्या ड्रेनेज पाइपच्या सांध्यात पिंपळ उगवला होता. दर पावसाळ्याआधी तो वरून छाटला जाई, मुळे मात्र सांध्यात तशीच राहत आणि पाणी झिरपत राही.

खरा प्रश्न पैशाचा होता. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी) किमान 0.25 टक्के जमा करावा, असे उपविधी सांगतात. परंतु हा बांधकाम खर्च इमारत उभी राहिली त्या काळचा असतो आणि दुरुस्तीची बिले आजच्या भावाने येतात, त्यामुळे केवळ किमान दराने वर्गणी घेणाऱ्या सोसायटीकडे ऐन गरजेच्या वेळी फारसे काही जमलेले नसते. ही तफावत आम्ही आकडे मांडून सर्वसाधारण सभेपुढे ठेवली आणि सभेने दुरुस्ती निधीचा दर वाढवला. विरोध झाला, परंतु हातोडीखाली गळून पडलेला गिलावा सर्वांनी खाली जाऊन पाहिलेला होता.

डोंबिवली

आमच्याकडे वाद गच्चीच्या गळतीचा होता. वरच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल आणि तळमजल्यावरच्यांचा प्रश्न असा की, आम्ही का भरायचे? गच्चीतून होणारी पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त व्हावी, असे उपविधींत स्पष्ट आहे. एका सदनिकेच्या न्हाणीघरातून दुसरीत उतरणारे पाणी ही मात्र संबंधित सभासदांची जबाबदारी असते. अध्यक्षांनी हे कलम सभेत वाचून दाखवले. तळमजल्यावरच्यांची तुंबलेल्या चेंबर्सची तक्रारही तितकीच जुनी होती, म्हणून दोन्ही कामे एकाच ठरावात घेतली आणि मग ठराव मंजूर झाला. ठेकेदार जुन्या कोब्यावरच (गच्चीवरचा पाणी अडवणारा थर) नवा कोबा घालायला निघाला होता. जुन्या स्लॅबवर इतके वजन चढवू नये, म्हणून आम्ही आधीचा कोबा फोडून काढायला लावला. हे सर्वांनी अवश्य पाहावे.

पुणे, कोथरूड परिसर

इमारतीची दुरुस्ती होते, पण ती ज्या जमिनीवर उभी आहे तिची कागदपत्रे कोणी पाहत नाही. 1963 च्या सदनिका मालकी कायद्याखालील नियमांप्रमाणे, करारात वेगळी मुदत नसेल तर संस्था नोंदणीनंतर 4 महिन्यांत अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन व इमारतीची मालकी संस्थेच्या नावे होणे, व्हायला हवे. आमच्या मालमत्ता पत्रकावर (जमिनीच्या मालकीची सरकारी नोंद) मात्र अनेक वर्षे मूळ जमीनमालकाचेच नाव होते. विकसकाकडून सहकार्य मिळेना, म्हणून आम्ही जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे विकसकाच्या सहकार्याशिवाय आदेशाने होणाऱ्या अभिहस्तांतरणाचा, अर्ज केला. मंजूर नकाशा आणि संस्थेचा नोंदणी दाखला दप्तरात होता. खरे कष्ट पडले ते प्रत्येक सदनिकेचा नोंदणीकृत करार आणि सूची क्रमांक 2 (नोंदणी कार्यालयातला त्या कराराचा उतारा) मिळवताना. काही मूळ खरेदीदार वारले होते आणि वारसांना कागद कोठे आहेत हेच ठाऊक नव्हते. खजिनदार बाईंनी सदनिकानिहाय फाइल उघडून, घरोघरी जाऊन हे काम तडीस नेले. आदेश हाती आल्यावर अभिहस्तांतरण पत्राची नोंदणी आणि मालमत्ता पत्रकावर नाव लावणे हे टप्पे उरतात, आणि पुष्कळ सोसायट्या आदेशावरच थांबतात.

मुलुंड

आम्ही पुनर्विकासाचा मार्ग धरला. शासनाच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे विकसक निवडीच्या सभेला निबंधक कार्यालयाचा प्रतिनिधी उपस्थित होता आणि सभेचे चित्रीकरणही झाले, त्यामुळे पुढे कोणाला शंका घ्यायला जागा उरली नाही. निवड होईपर्यंत बराच काळ गेला. त्या काळात दुरुस्ती बंद ठेवावी, असे अनेकांचे म्हणणे होते. इमारत पाडायचीच आहे तर खर्च कशाला, हा युक्तिवाद मला आजही धोकादायक वाटतो, कारण त्या इमारतीत त्या काळातही माणसे झोपत होती. जिन्याच्या बीमला टेकू आणि गळक्या पाइपांची बदली एवढे तरी व्हावे, हा ठराव आम्ही आग्रहाने मंजूर करून घेतला.

नाशिक

थकबाकीदार सभासदांमुळे आमचा दुरुस्ती निधी रिकामा होता. उपविधींनुसार थकबाकीवर द.सा.द.शे. 21 पर्यंत व्याज आकारता येते, हे लेखी कळवल्यावर काहींनी पैसे भरले. उरलेल्यांविरुद्ध निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी (थकबाकी सक्तीने वसूल करता येण्याचा दाखला) अर्ज केला असून, अर्जाबरोबर मागणीच्या नोटिसा, सभेचा ठराव आणि खातेउतारा जोडला आहे.