उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमकडेच आईच्या शुगरचं ठेवलं तर चालेल का?

प्रश्न (घाटंजी तालुका):
आईचं वय 61. शुगर निघाली तेव्हा पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरांनी मेटफॉर्मिन सुरू केली. आता गोळ्या गावातच उपकेंद्रात मिळतात. सीएचओ मॅडम शुगर-बीपी पाहून देतात. त्या नर्सिंग शिकलेल्या, डॉक्टर नाहीत. मामा म्हणतात, दर महिन्याला यवतमाळले मोठ्या डॉक्टरकडेच ने. सध्या कापसाची वेचणी सुरू आहे, दोघांचीही मजुरी बुडते. काय करू?

उत्तर (वर्धा जिल्हा):
भाऊ, मी स्वतः सीएचओ आहे. बीएस्सी नर्सिंगनंतर सहा महिन्यांचा कोर्स केला. डोस आम्ही आमच्या मनानं बदलत नाही. शुगर आटोक्यात नसली की ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्ला सेवेवर, डॉक्टरांशी बोलणं करून देतो, नाहीतर पीएचसीला पाठवतो. पण दर महिन्याला त्याच माणसानं पेशंट पाहणं फार मोलाचं आहे. शुगरनं पाय बधिर होऊ शकतात, जखम कळत नाही, म्हणून मी प्रत्येकाला चप्पल काढायला लावते, बोटांच्या बेचक्या पाहते. मागच्या हंगामात एका काकूंच्या टाचेत पऱ्हाटीचं खुंट घुसून पू झाला होता, अन् त्यांना ठणकसुद्धा नव्हती! त्याच दिवशी पुढं पाठवलं, पाय वाचला. तुमच्या मॅडम पाय पाहतात का? नसतील तर आग्रह धरा.

एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, बोटातल्या थेंबाच्या त्या मशीनवर कळत नाही. त्यासाठी, आणि वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन (या दोन्ही किडनीच्या तपासण्या) यासाठी मोठ्या दवाखान्यात न्याच.

उत्तर (अमरावती):
अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंट (डॉक्टर नसलेले, पण पेशंट तपासायचं शिक्षण घेतलेले) शुगरचे पेशंट सर्रास पाहतात. तिथल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांतल्या साडेतीन लाखांहून जास्त पेशंटचा अभ्यास 2018 मध्ये छापून आला. डॉक्टर पाहो की हे लोक, शुगर, बीपी, कोलेस्टेरॉलमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता.

उत्तर (वर्धा जिल्हा):
बरोबर, पण ते पदव्युत्तर शिकलेले असतात, औषधं स्वतः लिहून देतात. आमच्या पाठीशी डॉक्टर हवाच. पीएचसीत जागा रिकामी ठेवून सगळं सीएचओवर ढकलणं मला अजिबात मान्य नाही.

प्रश्नकर्ता:
ताई, आईले चष्मा आहे, नंबर नुकताच काढला. तरी डोळे दाखवायचे?

उत्तर (वर्धा जिल्हा):
हो. नंबर वेगळा, पडदा वेगळा. डोळ्यात थेंब टाकून पाहतील, मग काही तास अंधुक दिसतं. एकटीला पाठवू नका.