लस टोचली म्हणजे ब्रुसेला संपला का? रिपोर्टशिवाय परराज्यातली गाय दावणीला नको

गोठा_नगर

ब्रुसेला म्हणजे गाई गाभडवणारा (दिवस भरण्याआधीच वासरू पाडणारा) आणि माणसालाही लागणारा जंतूंचा रोग. परवा इथेच, गोपालकांच्या या गटात, एका सभासदाने लिहिलं, "ब्रुसेलाची तपासणी म्हणजे शेतकऱ्याच्या खिशात हात घालायचा नवा रस्ता. सरकार लस फुकट देतंय, ती टोचा आणि कामाला लागा. पंजाब, हरियाणा, कर्नाटकच्या गाई सीमेवर अडवल्या तर महाराष्ट्राचं दूध आटेल." त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली. गप्प बसवत नाही म्हणून लिहितोय.

ती लस एस-१९. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना, आयुष्यात एकदाच. जिवंत जंतूंची लस आहे, गाभण गाईला टोचली तर तिच्यानेच गाभडायची भीती. केंद्राने २०१९ मध्ये लाळ्या-खुरकुत आणि ब्रुसेला मिळून १३,३४३ कोटींचा कार्यक्रम मंजूर केला, त्यात वर्षाला ३ कोटी ६० लाख कालवडी टोचायचं ठरलं. चांगलंच झालं. पण तुम्ही बाजारातून आणता ती दुसऱ्या-तिसऱ्या वेताची, सात महिन्यांची गाभण गाय. तिला लहानपणी लस मिळाली होती का, हे तुम्हाला कोण सांगणार? आणि जिच्या अंगात जंतू आधीच बसलाय तिला कुठलीही लस बरी करत नाही.

खरी गोम पुढे आहे. ब्रुसेलाची गाय बहुतेक वेळा एकदाच गाभडते. पुढच्या वेताला दिवस भरून वासरू देते, कास भरलेली, डोळे चमकदार. असली गाय पुन्हा गाभण करून विकली की घेणाऱ्याला काय कळणार? ती तुमच्या गोठ्यात व्याली की वार, पाणी, घाण सगळ्यातून जंतू पडतात. शेजारच्या गाई ते चाटतात, तोच चारा खातात. दुधातूनही जंतू येतोच. मुक्त संचार गोठा असेल तर एका गाईपायी अख्खा कळप जातो. जंतू सावलीत, ओलाव्यात आठवडेच्या आठवडे जगतो.

म्हणून मागणी सरळ आहे. परराज्यातून येणाऱ्या गाईचा रक्त तपासणीचा रिपोर्ट तिच्या कानातल्या बिल्ल्याच्या नंबरावर चढलेला असावा. आणल्यावर महिनाभर वेगळी बांधावी, पुन्हा रक्त काढावं, व्याल्यानंतर आणखी एकदा. केंद्राच्या २००९ च्या जनावरांच्या साथरोग कायद्यात तपासणी नाके आहेत, क्वारंटाइन आहे, रोगी जनावर हलवायला बंदी आहे. सगळं कागदावर आहे. बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री नाही हा नियम राज्याने २०२४ मध्ये आणलाच ना? मग त्या बिल्ल्याला रिपोर्ट का जोडायचा नाही?

दावणवाला

ते वाक्य माझंच, आणि आजही त्यावर ठाम आहे. नगरकर भाऊ, तुम्ही कधी ट्रकबरोबर आला आहात का? हरियाणातून निघालेली गाभण गाय दोन-तीन दिवस उभी असते. त्यात नाक्यावर रक्त काढा, रिपोर्टची वाट बघा. तिथे ना चारा, ना पाणी, ना सावली. त्या ताणानेच गाई गाभडतील आणि नाव ब्रुसेलाचं होईल.

दुसरं. तुमचेच डॉक्टर सांगतात की कालवडीला लहानपणी लागण झाली तर काही कालवडी पहिल्यांदा व्याईपर्यंत तपासणीत निगेटिव्हच दिसतात. म्हणजे रिपोर्ट स्वच्छ, गाय माझ्या दावणीला, आणि दोन महिन्यांनी गोठ्यात मेलेलं वासरू. तेव्हा तो रिपोर्ट मी कुणाच्या तोंडावर मारू? हेडी (जनावरांचा दलाल) फोन उचलत नाही. लाखाच्या घरातली गाय. तुमच्या नियमाने माझं काय वाचलं?

तिसरं, रिपोर्ट विकत मिळतात. बाजारात कोऱ्या दाखल्यांवर सह्या झालेल्या मी डोळ्यांनी पाहिल्यात.

निवृत्त_पशुधन

दावणवाला, तुमच्या दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, पण निष्कर्ष उलटा काढलात. एक चाचणी चुकते म्हणून तर दोन-तीन करायच्या.

रोझ बेंगाल चाचणी म्हणजे सिरमचा (रक्तातून वेगळ्या केलेल्या पाण्याचा) एक थेंब, गुलाबी अँटिजेनचा (मेलेल्या जंतूंच्या द्रावणाचा) एक थेंब, हलवायचं आणि ४ मिनिटांत गुठळ्या दिसतात का ते बघायचं. तालुक्याच्या दवाखान्यात होण्यासारखं काम आहे. ही चाळणी आहे, निकाल नव्हे. दुसऱ्या एखाद्या जंतूमुळे खोटा पॉझिटिव्हही येतो, म्हणून पॉझिटिव्ह सिरम एलायझा या प्रयोगशाळेतल्या चाचणीला पाठवायचं. एस-१९ ठरल्या वयात टोचली तर अँटिबॉडी (जंतूविरुद्ध रक्तात तयार होणारी द्रव्यं, चाचणीत तीच दिसतात) हळूहळू उतरतात. मोठेपणी टोचली तर त्या राहतात आणि निरोगी गाय पॉझिटिव्ह दिसते. वयाची अट त्यासाठीच आहे, आणि तीच सगळ्यात जास्त मोडली जाते, कारण टार्गेट पुरं करायचं असतं.

नाक्यावर ट्रक अडवायला माझाही विरोध आहे. रक्त विकणाऱ्याच्या गोठ्यात काढायचं आणि दुसरं घेणाऱ्याच्या. नाक्यावर फक्त बिल्ला स्कॅन करा.

पण हे करणार कोण? माझ्या तालुक्यात डॉक्टरांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या. एका माणसाकडे तीन दवाखाने, वर मीटिंगा, वर ॲप भरणं. लस टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली तर एस-१९ माणसालाही आजारी पाडते आणि माणसासाठी लस नाही. किती पशुधन पर्यवेक्षक हातमोजे, गॉगल घालून टोचतात? त्यांना ते पुरवले जातात का, हे आधी विचारा.

सांजधार

डॉक्टरसाहेब, हातमोज्यांवरून लिहिते. आमची एक गाय सातव्या महिन्यात गाभडली. वार अडकली होती. डॉक्टर यायला वेळ होता म्हणून ह्यांनी उघड्या हाताने काढली, गावात सगळे तसंच करतात. काही आठवड्यांनी ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, पहाटे घामाने अंथरूण भिजायचं, पुन्हा दोन दिवस बरं. टायफॉइडची औषधं झाली, मलेरियाची झाली. कंबर धरली, उठता येईना. कुणी मणक्याचा टीबी म्हणालं. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, घरी जनावरं आहेत का? हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता. मग रक्ताची तपासणी झाली आणि सहा आठवडे डॉक्सिसायक्लीन नि रिफाम्पिसिन चालू झालं. कंबर अजून दुखते, धार काढायला बसता येत नाही. सगळं माझ्यावर आहे.

दावणवाला दादा, तपासणीचा खर्च मोजता तेव्हा हाही मोजा.

आणि नगरकर भाऊ, तुम्हालाही सांगते. आमची ती गाय पंजाबची नव्हती, हरियाणाची नव्हती. शेजारच्या तालुक्यातली होती, ओळखीच्या माणसाकडून घेतलेली. त्यामुळे परराज्य परराज्य करत बसू नका.

माळरान

मूळ चूक एचएफच्या (परदेशी होल्स्टीन गाईंच्या) मागे लागण्यात आहे. खिल्लार पाळा, डांगी पाळा, हे परदेशी रोग आपोआप जातील. आमच्याकडे धारोष्ण दूध पिऊन पिढ्या वाढल्या.

निवृत्त_पशुधन

माळरान, हे लिहून तुम्ही लोकांना आजारी पाडाल. देशी गाईला ब्रुसेला होतो, म्हशीला होतो, शेळीलाही होतो. गावात एकच वळू सगळ्यांना फिरवला तर गाई उलटायला लागतात (गाभण राहत नाहीत) आणि इतर रोगांचंही वाटप होतं. वीर्य केंद्रांवरच्या वळूंची ब्रुसेला चाचणी नियमाने होते, गावच्या वळूची कोण करतो? दूध उकळूनच प्या. देशी असो, एचएफ असो.

माळरान

वळूवर सगळं ढकलू नका. कृत्रिम रेतनाच्या कांड्यांनी देशी वाण संपवला त्यावर कुणी बोलत नाही.

कायद्याचं_बोला

इतकं लिहून झालं, पण मूळ प्रश्नाला कुणी हात लावला नाही. गाय पॉझिटिव्ह निघाली. मग पुढे?

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण नेहमी दिलं जातं. १९७० पासून मोहीम, १९८९ मध्ये ब्रुसेलामुक्त. अमेरिकेने १९३४ ला सुरुवात केली आणि गाईंच्या कळपांतून रोग हटवायला ७० हून जास्त वर्षं लागली. तिथल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास बायसनमध्ये आणि एल्क हरणांमध्ये तो अजून आहेच. दोन्हीकडे पद्धत एकच, तपासा आणि पॉझिटिव्ह जनावर कत्तलीला पाठवा. आपल्या राज्यात गोवंश हत्याबंदीच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर गाय, बैल, वळू कशाचीच कत्तल चालत नाही. पाच वर्षं कैद, दहा हजार दंड. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात आला की शेतकऱ्याकडे दोनच वाटा. मरेपर्यंत पोसायची, नाहीतर रिपोर्ट फाडून दुसऱ्याला विकायची. माणूस कुठली वाट धरेल?

माळरान

गाय कापायची भाषा इथे चालणार नाही. हा गोपालकांचा गट आहे.

दावणवाला

मग तुम्ही या आणि घेऊन जा! माझ्या दोन भाकड गाई आहेत, त्यातली एक कधीकाळी गाभडलेली. दिवसाचा चारा, पेंड, पाणी तुम्ही द्या. गोपालक म्हणवून घेता ना?

माळरान

गोशाळा आहेत की त्यासाठी.

निवृत्त_पशुधन

गोशाळेत पॉझिटिव्ह गाय सोडायची? तिथे शेकडो गाई एकत्र असतात, त्यात गाभण असतात, कालवडी असतात. काही गोशाळांतून दूध बाहेर विकलं जातं. वेगळं आवार आणि वेगळा माणूस नसेल तर तिथे रोगाचं कोठार उभं राहील.

गोठा_नगर

कायदावाले, २०१५ चा कायदा कत्तलीवर आहे. तो वाईट की चांगला यावर इथे भांडायची माझी इच्छा नाही. पण २००९ च्या केंद्राच्या कायद्यात रोग पसरू नये म्हणून पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला रोगी जनावराला दयामरण देण्याची तरतूद आहे. घोड्यांच्या ग्लँडर्स या रोगात ती वापरतात, मालकाला भरपाई मिळते. बर्ड फ्लूला कोंबड्या मारल्या की भरपाई मिळते. वाट अगदीच नाही असं नाही.

कायद्याचं_बोला

तरतूद असणं वेगळं आणि गाईच्या कागदावर सही करणारा अधिकारी सापडणं वेगळं. गावात बातमी फुटली की त्याच्या दारात मोर्चा येईल. घोडा आणि गाय यांत फरक आहे, हे तुम्हालाही माहीत आहे. शिवाय भरपाई कुठे आहे? २०२२ ला लम्पी त्वचारोगात मेलेल्या दुभत्या गाईला राज्याने ३० हजार दिले, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. तीही मेल्यावर. ब्रुसेलाची गाय मरत नाही. ती चरते, दूध देते, आणि रोग देते. तिच्यासाठी पंचनामा कुठल्या रकान्यात करायचा?

सांजधार

आमच्या त्या गाईचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. आम्ही विकली नाही. वेगळी बांधली, पुन्हा गाभण होऊ दिली नाही, दूध उकळून फक्त घरात. शेजारी म्हणाले, वेडे आहात का, बाजार दाखवा. ह्यांचे हाल बघितल्यावर दुसऱ्याच्या घरात ते पाठवायला मन होईना. पण आमच्या शेडला जागा होती म्हणून जमलं. पाच-सहा गाई आणि एकच छप्पर असणाऱ्याने काय करावं?

दावणवाला

ताई, तुमच्यापुढे मी बोलत नाही.

बाकीच्यांना सांगतो. नियम मागता ना? आधी पैसे ठेवा. पॉझिटिव्ह गाईची बाजारभावाने किंमत द्या, लम्पीचे ३० हजार नकोत. ज्या दिवशी ते होईल त्या दिवशी पहिलं रक्त माझ्या दावणीवरचं काढा, मी स्वतः गाई धरून देतो. तोवर सक्तीला विरोधच. सक्ती आली की लोक गाभडलेलं वासरू रात्रीत पुरतील आणि डॉक्टरला बोलावणंच बंद करतील. आज निदान बोलावतात तरी.

गोठा_नगर

भरपाईशिवाय सक्ती टिकणार नाही, एवढं मान्य. नाक्याची मागणीही सोडतो, रक्त गोठ्यातच काढा. पण विकणाऱ्याने रिपोर्ट दाखवणं याला भरपाई लागत नाही. घेणारा पैसे देतो, त्याला कळायचा हक्क आहे. तुम्ही स्वतः हेड्याच्या नावाने बोटं मोडता, मग रिपोर्ट मागायला विरोध कसला?

दावणवाला

मागा. मी मागतोच आता. मागणं आणि कायद्याने लादणं यात फरक आहे, तो तुम्हाला दिसत नाही.

निवृत्त_पशुधन

भांडण चालू द्या, पण तोवर करता येण्यासारखं एक काम सांगतो. दूध संकलन केंद्रावर मिल्क रिंग टेस्ट. दुधात रंगीत अँटिजेन टाकतात, अँटिबॉडी असतील तर वर येणाऱ्या सायीच्या थरात निळं कडं दिसतं. गोठ्याच्या एकत्र दुधावर होते, एकेका गाईचं रक्त काढावं लागत नाही. चीक किंवा कासदाहाचं दूध असेल तर फसते, म्हणून कडं दिसलं की मगच त्या गोठ्यातल्या गाई एकेक तपासायच्या. दुधाची फॅट रोज तपासता, वर्षातून दोनदा ही चाचणीही लावा.

आणि गाय गाभडली तर वासरू, वार, खालची माती सगळं चुन्यासह खोल पुरा. कुत्र्यांना ओढू देऊ नका. हातात मोजे नसतील तर वारेला हात लावू नका, डॉक्टर उशिरा आला तरी चालेल.

दावणवाला

केंद्रावर कडं दिसलं की उद्यापासून त्याचं दूध बंद करतील, हे लक्षात आलंय का डॉक्टरसाहेब? पाश्चरायझेशनने जंतू मरतो, दूध घ्यायला हरकत नाही, हे आधी डेअरीकडून लिहून घ्या.

निवृत्त_पशुधन

मुद्दा बरोबर आहे. त्याशिवाय कुणी नमुना देणार नाही.

गोठा_नगर

आमच्या संस्थेची सभा आहे. ठराव मांडतो. रिंग टेस्ट संस्थेच्या खर्चाने, कडं दिसलं तरी पाश्चरायझेशनला जाणारं दूध बंद नाही, आणि पॉझिटिव्ह गाईचं नाव फक्त मालक आणि पशुवैद्यकीय अधिकारी यांच्यातच राहील. दावणवाला, तुमच्या केंद्रावर मांडणार का?

दावणवाला

नाव बाहेर जाणार नाही हे छापील दाखवा, मग बोलू.